पगाराला दहा दिवस, भाडं उद्या: पेडे लोन की क्रेडिट युनियन?

कॅलिफोर्नियातला पेडे लोनचा व्यवहार असा: पुढच्या पगाराला वटेल असा ३०० डॉलरचा चेक लिहून द्यायचा, कर्ज देणारा दुकानदार तो ठेवून घेतो आणि हातावर २५५ डॉलर टेकवतो. चेक ३०० च्या वर नाही, फी चेकच्या १५ टक्क्यांवर नाही, मुदत ३१ दिवसांपलीकडे नाही. हे राज्याच्या कायद्यानेच बांधून दिलंय. १५ टक्के किरकोळ वाटतात ना? दोन आठवड्यांच्या मुदतीवर वर्षाचा दर काढा, ४६० टक्के भरतो.

क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या मालकीची, आपल्याकडच्या पतसंस्थेसारखी संस्था. फेडरल क्रेडिट युनियनच्या ‘पाल’ (पेडे अल्टरनेटिव्ह लोन, म्हणजे पेडेला पर्यायी) कर्जाला व्याज वर्षाला २८ टक्क्यांपर्यंत आणि अर्जाची फी २० डॉलरपर्यंत. तेच २५५ डॉलर महिनाभर वापरले तर व्याज सहाएक डॉलर, फी धरून २६. दुकानात ४५. एका खेपेपुरता फरक काही डोळे पांढरे करणारा नाही. पण पाल हप्त्यांनी फेडता येतं. दुकानाचे ३०० मात्र एका दिवशी खात्यातून जातात, आणि पुढचं भाडं पुन्हा अंगावर येतं. फी घेऊन जुन्याच कर्जाची मुदत वाढवायला बंदी आहे; ते फेडून त्याच दुपारी नवं काढायला नाही. माणूस अडकतो तो इथे.

पालच्या पहिल्या प्रकाराला महिनाभराचं सभासदत्व लागतं. २०१९ साली आलेल्या दुसऱ्या प्रकाराला ही अट नाही, आणि रक्कम २,००० डॉलरपर्यंत मिळू शकते. मात्र प्रत्येक क्रेडिट युनियन पाल देतेच असं नाही. निकड नसतानाच फोन करून विचारून ठेवलेलं बरं.

आपल्या लोकांना चेक न वटण्याची धास्ती जास्त, कारण डोक्यात चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं भारतातलं कलम १३८ असतं. कॅलिफोर्नियात पेडेचा चेक परत गेला म्हणून फौजदारी खटला भरता येत नाही, तशी धमकीही देता येत नाही. दुकानाला एकदाच, १५ डॉलरपर्यंत आकार घेता येतो. बँक आपला दंड लावेल तो निराळा.

हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं. इलिनॉयमध्ये २०२१ पासून वर्षाला ३६ टक्क्यांची मर्यादा आहे, तर टेक्सासात कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाच्या फीला राज्याची मर्यादाच नाही.

माझं मत पालच्या बाजूने. दुकानाची पायरी चढावीच लागली, तर परवाना बघून घ्या आणि तारीख चुकणार असं दिसताच हप्ते मागा. हप्ते द्यायचे की नाही ही दुकानाची मर्जी, पण दिले तर त्याची जादा फी लावता येत नाही.