सन्मानाच्या अर्जातील अर्धे पान आणि आमचे गावभागातील घर : एका वास्तुविशारदाच्या सेवेचा अभिप्राय

मागील महिन्यात आमच्या घराच्या वास्तुविशारद मॅडमचा फोन आला. वास्तुविशारदांच्या एका व्यावसायिक संस्थेच्या सन्मानासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते आणि अर्जासोबत, ज्यांच्यासाठी काम केले अशा एका घरमालकाचे पत्र जोडायचे होते. पत्रासाठी अर्धे पान होते आणि वर ‘समाजाची केलेली सेवा’ एवढाच मथळा छापलेला होता. मी ते भरून दिले. मात्र त्यांनी आमच्यासाठी केलेले काम अर्ध्या पानात मावणारे नव्हते, म्हणून सांगलीत घर बांधू किंवा दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे. निवड होईपर्यंत आपले नाव कुठे छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे येथे ते दिलेले नाही.

आमचे घर सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत आहे. काळ्या दगडाचे जोते, दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब-तुळया आणि वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, असे हे आजोबांच्या वेळचे घर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत साडेसहा फूट पाणी कित्येक दिवस उभे होते. पाणी ओसरल्यावर भिंती फुगल्या होत्या, मागचा एक कोपरा खचला होता आणि माळवदाची माती ओलीने इतकी जड झाली होती, की मधली तुळई डोळ्यांना दिसेल एवढी वाकली होती. त्या काळात एक अभियंता घर पाहून गेले. दहा मिनिटांत त्यांनी सगळे पाडण्याचा सल्ला दिला आणि दुसऱ्या दिवशी तीन मजल्यांच्या आरसीसी इमारतीचे अंदाजपत्रक पाठवले. त्या कागदावर खालच्या मजल्याचे जोते पूर्वीच्याच उंचीला होते आणि पुराचा उल्लेख कुठेही नव्हता.

मॅडम प्रथम आल्या त्या दिवशी त्यांनी नकाशा काढायला कागदही बाहेर काढला नाही. नाण्याने भिंत ठोकत त्या खोलीभर फिरल्या, जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केली, कोपऱ्यात ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायची वजनाची दोरी) सोडला आणि मग माझ्या आईजवळ जोत्यावर बसल्या. पाणी घरात कुठून शिरते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आईने सांगितले, “दारातनं नंतर येतंय, आधी मोरीतनं वर येतंय.” पन्नास वर्षे या घरात राहूनही हे मला कधी नेमके सांगता आले नसते. त्या एका वाक्यामुळे आज आमच्या सांडपाण्याच्या वाहिनीला पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे, आणि त्याची चावी कुठे टांगायची हेसुद्धा आईला विचारूनच ठरले आहे.

त्याच भेटीत त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने दोन आडव्या रेघा काढल्या. २००५ च्या पुराची आईने दाखवली तिथे, म्हणजे माझ्या कमरेच्याही खाली, आणि २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर. पुढचे सगळे आराखडे या दोन रेघांवरून निघाले. विजेचे मीटर, मुख्य स्विच आणि सगळी बटणे वरच्या रेघेच्या वर गेली. खालच्या खोल्यांतून सिमेंटचा गिलावा पूर्ण खरवडून चुन्याचा गिलावा झाला. दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंट बसले की ओल आतच कोंडते आणि लोणा (पांढरा क्षार) लागतो, चुना मात्र भिंतीला सुकू देतो, हे त्यांनी मला आणि गवंड्याला एकत्र उभे करून समजावले. प्लायवूडचे एकही कपाट खाली ठेवले नाही. जमिनीला शहाबादी फरशी आणि भिंतीतल्या जुन्या देवळ्या (कोनाडे) तशाच राहिल्या. स्वयंपाकघर, धान्य, कागदपत्रे आणि देवघर वर गेले.

जिन्याबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. आराखड्यात जिना काढण्यापूर्वी त्यांनी आमचे सागवानी कपाट, आईची खाट आणि शिलाई मशीन मोजले. मग अंगणात फरशीवर खडूने जिन्याची रुंदी आणि वळण आखले आणि माझ्या भावाला व मला खाट उचलून त्या रेषांमधून वळायला सांगितले. पहिल्या आखणीत खाटेचा पाय अडला, तेव्हा त्यांनी वळणाची फरशी ९ इंचांनी वाढवली. पायरीची उंची आईला हात न धरता चढता येईल एवढी, म्हणजे ६ इंच ठेवली, आणि त्यामुळे जिन्याने खोलीतली जास्त जागा खाल्ली. मी तेव्हा त्यावरून नाराज होतो आणि तसे बोलूनही दाखवले होते. पूर आला तर दोन माणसांनी दोन तासांत खालचे घर वर न्यायचे आहे, जिना त्यासाठी आहे, एवढे सांगून त्यांनी मला विचार करायला दोन दिवस दिले.

अर्जाच्या निमित्ताने मी वास्तुविशारदांना मिळणाऱ्या मोठ्या सन्मानांबद्दल बरेच वाचले, आणि आमच्या या लहान घराशी त्यांचे नाते मला अनेक ठिकाणी दिसले. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी २०१८ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक, म्हणजे वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा सन्मान, मिळवणारे पहिले भारतीय ठरले. इंदूरजवळच्या त्यांच्या अरण्य वसाहतीत ६,५०० हून अधिक घरांची योजना आहे. गरीब कुटुंबांना तिथे जोते, नळ-शौचालयाचा गाभा आणि पुढे वाढवता येईल अशी जागा दिली गेली, उरलेले घर लोकांनी ऐपतीप्रमाणे बांधले, आणि या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. आमचेही पैसे मध्येच संपत आले होते. तेव्हा मॅडमनी अरण्यचेच उदाहरण देऊन वरचा अर्धा मजला मोकळी गच्ची म्हणून सोडायला लावला. खांब मात्र पूर्ण भार धरूनच बांधले आणि जिना अशा जागी ठेवला, की उद्या खोली वाढवताना काहीही फोडावे लागू नये. खांबांची रचना त्यांनी स्वतः ठरवली नाही. त्यासाठी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, आणि काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते म्हणून खालचा पक्का थर लागेपर्यंत खड्डे खणायला लावले. गवंड्याने दोनदा “आता पुरे” म्हटले तरी त्या खड्ड्याच्या काठावरून हलल्या नाहीत.

वरच्या भिंतींसाठी त्यांनी विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ‘रॅट ट्रॅप’ पद्धत वापरली. तिच्यात विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, भिंत हलकी होते आणि खोली उन्हाळ्यात कमी तापते. बेकर यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशाच स्वस्त, साध्या आणि गवंड्याच्या हातचे कौशल्य ओळखणाऱ्या कामासाठी. आमच्या गवंड्याला ही पद्धत माहीत नव्हती. मॅडमनी त्याला अंगणात चार थरांची नमुना भिंत रचून दाखवली, आणि आज तो इतर ठिकाणीही ती रचतो.

पुराशी सर्वांत जवळचे उदाहरण मला पाकिस्तानच्या वास्तुविशारद यास्मीन लारी यांचे वाटले. ब्रिटनमधील वास्तुकलेचे रॉयल गोल्ड मेडल १८४८ पासून दिले जाते. २०२३ मध्ये ते लारी यांना मिळाले. मोठमोठ्या इमारतींची कारकीर्द पूर्ण करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि २००५ च्या भूकंपानंतर पुन्हा कामाला उतरल्या. भूकंप आणि पूरग्रस्तांसाठी बांबू, माती आणि चुन्याची घरे लोकांना स्वतः बांधता येतील अशी त्यांनी तयार केली. चुन्याचे नाव वाचताच मला आमच्या खालच्या खोलीची भिंत आठवली.

अमेरिकेत तर वास्तुविशारदांच्या सामाजिक कर्तव्यासाठी वेगळा सन्मानच आहे. नागरी हक्कांचे पुढारी व्हिटनी यंग यांनी १९६८ मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या अधिवेशनात, शहरांतल्या अन्यायाबद्दल तुमचा व्यवसाय गप्प राहिला आहे, असे तोंडावर सांगितले. ते ज्यांना सुनावले गेले त्याच संस्थेने १९७२ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. याच संस्थेचा आणखी एक सन्मान मला विशेष योग्य वाटतो. तो इमारत उभी राहून किमान २५ वर्षे झाल्यावरच दिला जातो. नव्या रंगातल्या छायाचित्रावरून घर कसे आहे ते कळत नाही, हे पूर पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आगा खान पुरस्काराच्या पद्धतीतही हेच भान दिसते. अंतिम निवडीआधी तज्ज्ञ प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतात, आणि गौरवात वास्तुविशारदाबरोबर घरमालक, कंत्राटदार व कारागीर यांनाही वाटा मिळतो. आपल्याकडच्या सत्कारांत शाल, श्रीफळ आणि मानपत्र असते, आणि ते आदराने दिलेले असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ते देण्यापूर्वी कोणीतरी त्या घरात जाऊन चहा घ्यावा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाशी बोलावे.

आता उणिवा. मंजुरीच्या कागदांना वेळ लागला यात त्यांचा दोष नव्हता. पूररेषांच्या नकाशावर घर कुठे येते हे त्यांनी कामाआधीच दाखवले होते आणि नियमात न बसणारी एकही गोष्ट करायला नकार दिला होता. मात्र खिडक्यांचे तपशीलवार नकाशे त्यांच्याकडून तीन आठवडे उशिरा आले, सुतार तेवढे दिवस बसून राहिला आणि त्याची मजुरी आम्हाला द्यावी लागली. वरच्या न्हाणीघराचा उतार चुकला होता. तो पुन्हा करून घेतला खरा, पण पाहणीच्या वेळीच लक्षात यायला हवा होता. एकूण खर्च पहिल्या अंदाजापेक्षा १८ टक्क्यांनी वाढला. त्यातला बराचसा भाग पाया खोल गेल्यामुळे होता हे मान्य करूनही, इतक्या वाढीची शक्यता त्यांनी सुरुवातीलाच लेखी सांगायला हवी होती. दिवसा त्या फोन उचलत नाहीत, रात्री आठनंतर स्वतः करतात. ज्यांना महिन्याभरात दर्शनी भागाचे रंगीत चित्र हवे आहे, त्यांना ही सेवा मानवणार नाही.

शुल्क त्यांनी टप्प्याटप्प्याने घेतले. कल्पनाचित्र, मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे आणि प्रत्यक्ष देखरेख अशी विभागणी पहिल्याच पत्रात लिहिलेली होती आणि तिच्यात शेवटपर्यंत बदल झाला नाही. कोणत्याही दुकानदाराकडून त्यांनी कमिशन घेतले नाही. फरशीच्या दुकानात मालकाने तसे सुचवले तेव्हा ती रक्कम आमच्या बिलातून वजा करायला सांगितली. ज्यांना वास्तुविशारद नेमायचा आहे त्यांनी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक जरूर पाहावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे त्या नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येत नाही, आणि आमच्या मॅडमनी तो क्रमांक न मागता दिला होता.

काम मार्च २०२१ मध्ये संपले आणि जुलैत पुन्हा पूर आला. पाणी वाढत असल्याची सूचना दुपारी मिळाली, तेव्हा भाऊ आणि मी सामान हलवायला लागलो. कपाट, खाट, शिलाई मशीन, गाद्या असे सगळे पावणेदोन तासांत वर गेले. वळणावर खाट कुठेही अडली नाही. आई स्वतः पायऱ्या चढून वर गेली, हातात समईचा जोड घेऊन. मोरीचा व्हॉल्व्ह बंद केल्यामुळे पाणी या वेळी आतून आले नाही, रात्री उशिरा दारातून आले आणि खाली चार फुटांपर्यंत चढले. ओसरल्यावर आम्ही गाळ काढला, भिंती पाण्याने धुतल्या आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवल्या. आठव्या दिवशी आई खालच्या खोलीत बसून भाजी निवडत होती. चुन्याचा गिलावा एका जागी सुटला होता, तेवढाच हातभर तुकडा गवंड्याने भरून दिला.

त्याच आठवड्यात मॅडम न बोलावता आल्या. पायांत गमबूट, हातात बॅटरी. त्यांनी प्रत्येक खांबाचा ओळंबा घेतला, जुन्या भिंतीचा प्रत्येक सांधा पाहिला आणि खिशातून पेन्सिल काढून दाराशेजारी २००५ आणि २०१९ च्या रेघांच्या मध्ये तिसरी रेघ काढून वर्ष लिहिले. या भेटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. आम्ही त्या भिंतीला तेवढ्या भागात अजून रंग दिलेला नाही.

अर्जाला छायाचित्र जोडायचे होते, तेव्हा मी गच्चीवरून घेतलेल्या दर्शनी छायाचित्राऐवजी त्या तीन रेघांचे छायाचित्र जोडले आहे. निवड समितीतील कोणी घर पाहू इच्छित असेल, तर आई जिना चढून दाखवायला तयार आहे.