धार गार होती आणि मोटर जळत होती

येलदरीत, सिद्धेश्वरला किंवा आपल्या भागातल्या कुठल्याही धरणात मासे धरणाऱ्या आणि होडीला बॅटरीवरची मोटर बसवायचा विचार करणाऱ्या माणसांसाठी हे लिहितोय. आमचे 85 हजार रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत.

आम्ही दोघे भाऊ पूर्णा नदीच्या पाण्यावर जगतो. पेट्रोलचं इंजिन कमाईतला मोठा वाटा खायचं, म्हणून बॅटरीकडं वळलो. शहरातून एक विक्रेता आला. 48 व्होल्टची, 3 किलोवॅटची, खास होडीसाठी बनवलेली वॉटर-कूल्ड, म्हणजे पाण्यानं थंड राहणारी मोटर आहे, असं त्यानं सांगितलं. वरून अॅल्युमिनियमचं चकचकीत आवरण होतं आणि त्यातून दोन नळ्या निघालेल्या. एक होडीखालचं पाणी खेचायची, दुसरीतून मागं धार पडायची. "ही धार पडतेय तोवर मोटरला काही होत नाही," तो म्हणाला. होडीच्या मागं बसवायच्या पेट्रोल इंजिनालाही (आउटबोर्डला) अशीच धार असते आणि ती बंद झाली की आपण इंजिन थांबवतो. त्यामुळं त्याचं बोलणं पटलं. दहा मिनिटं होडी फिरवून दाखवली. आम्ही पैसे मोजले.

तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, काठापासून लांब होतो. होडीत ओलं जाळं, मासळी, आणि वारा समोरून. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मोटर पूर्ण जोरात चालली असेल. आधी होडी जड वाटायला लागली. मग जळक्या वार्निशचा वास आला. ज्याच्या शेतात पंपाची मोटर जळली आहे, त्याला तो वास सांगावा लागत नाही. मी मागं वळून पाहिलं तर धार चालूच होती. हात लावला, गार! पुढच्या मिनिटाला मोटर थांबली. अंधार पडेपर्यंत वल्ही मारत काठाला आलो. धाकट्या भावाच्या हाताला फोड आले होते.

आमच्या दाजींचं जिंतूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी आवरण उघडलं. आतून कोरडी धूळ पडली. पाण्याचा थेंब त्या आवरणात कधी गेलाच नव्हता. झाकणाखाली नळीचा एक तीन तोंडांचा टी-जोड लपवलेला होता. आत येणारं पाणी त्यातूनच वळून परस्पर बाहेर जात होतं. शिवाय मोटर आणि आवरण यांच्यात चार-पाच मिलिमीटरची फट होती. "अरे, फटीत हवा कोंडली की ते मोटरला गोधडी पांघरल्यासारखंच," दाजी म्हणाले. त्यांनी 3000 वॉटचं स्टिकर खरवडलं, तर खाली ई-रिक्षाच्या मोटरची पाटी निघाली. 1200 वॉट. ती पाटी पाहिल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

"बोअरचं पाणी खाली गेल्यावर मोटर का जळते?" दाजींनी विचारलं. "पाणी अंगावरून वाहत नाही म्हणून. तुझी तर पाण्यावर बसून तशीच जळली."

मग त्यांनी हिशेब मांडला. 1200 वॉटची मोटर 48 व्होल्टवर साधारण 25 अँपिअर घेते. 3000 वॉट काढायचे तर 62 लागतात. करंट अडीच पट झाला की वायंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीतली उष्णता सहा पट होते. रिक्षा थांबत-थांबत चालते, तिला वाराही मिळतो. होडीचा पंखा मात्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत पाणी रेटत असतो, मोटरला दम खायला सवड नसते. आतले निओडिमियमचे चुंबक साध्या दर्जाचे असले, तर 80 अंशांच्या पुढं ते कायमचे कमजोर व्हायला लागतात. मग तेवढ्याच जोरासाठी करंट आणखी वाढतो, आणि उष्णताही. होडी जड वाटली ती त्यामुळंच असावी, असं दाजींचं म्हणणं.

आता ज्यामुळं ही फसवणूक पैसे देण्याआधीच पकडता आली असती, ते सांगतो. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि ते एक अंशानं तापलं, तर साधारण 70 वॉट उष्णता घेऊन जातं. 3 किलोवॅटची चांगली मोटरही चारपाचशे वॉट उष्णतेत घालवते. आमची धार मिनिटाला दोन लिटर होती, म्हणजे बाहेर पडणारं पाणी धरणातल्या पाण्यापेक्षा तीन अंशांच्या आसपास जास्त तापलेलं दिसायला हवं होतं. लिटरची बाटली किती सेकंदात भरते ते बघायचं आणि मत्स्यबीजाच्या टाकीत वापरतात तो थर्मामीटर दोन्हीकडं धरायचा. नुसता हात पुरेसा नाही, दोन-तीन अंश हाताला नीट कळत नाहीत. पण मोटर चांगली तापल्यावरही फरक शून्य आला, तर पाणी मोटरला शिवतच नाही.

ही तपासणी दहा मिनिटांच्या चक्करमध्ये होत नाही. मोटर सावकाश तापते, आणि विक्रेत्याला ते ठाऊक असतं. होडीत वजन भरून निदान पाऊण तास पूर्ण जोरात चालवा. पाटीवर एस 1 ड्यूटी, म्हणजे सतत चालण्याची क्षमता, किती वॉटची लिहिली आहे ते वाचा. स्टिकर असेल तर त्याखालची पाटी बघा. वायंडिंगमध्ये तापमानाचा सेन्सर आहे का आणि मोटर तापल्यावर कंट्रोलर करंट आपोआप कमी करतो का, हे विचारा. आमच्या मोटरला सेन्सर नव्हता. नळीच्या तोंडाला जाळीही नव्हती. खऱ्या कूलिंगचा मार्गसुद्धा पावसाळ्यातल्या गाळानं आणि शेवाळानं तुंबला असता.

विक्रेता आता फोन उचलत नाही. पक्कं बिल आम्ही मागितलं नव्हतं, पण यूपीआयची नोंद आणि त्याचे मोबाईलवरचे संदेश जपून ठेवलेत. आधी वाटलं होतं की आपण धंद्यासाठी घेतली म्हणून तक्रार चालणार नाही. तसं नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. 1915 या हेल्पलाइनवर आधी नोंद होते. आमचे कागद परभणीला द्यायला तयार आहेत.

दाजींनी ती मोटर पुन्हा बांधलेली नाही. आवरण, टी-जोड आणि खरवडलेली पाटी तशीच टेबलावर मांडून ठेवली आहे. आमच्या काठावरचे दोघे जण त्याच विक्रेत्याकडून मोटर घेणार होते. परवा त्यांना घेऊन गेलो आणि तो टी-जोड त्यांच्या हातात दिला.