राजारामपुरीतनं घेतलेले स्नेल आणि हर्मिट, दोन महिन्यांनंतरचा अनुभव

घरात तीन फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय, साधारण 150 लिटर पाणी, आणि त्यातला क्लीनअप क्रू, म्हणजे शेवाळ आणि उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवणारे स्नेल (गोगलगायी), हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) हे सगळं राजारामपुरीतल्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातनं घेतलं. दोन महिने होऊन गेले म्हणून आता लिहितोय, कारण पहिल्या आठवड्यात कुणीही चांगलंच लिहितं. कोल्हापुरात गोल्डफिश, गप्पी कुठंही मिळतात पण खाऱ्या पाण्याचं नाव काढलं की बरेच दुकानदार मुंबईकडं बोट दाखवतात, त्यामुळं हे दुकान सापडलं याचंच मला लई बरं वाटलं.

आधी मी ऑनलाइन मागवून बघितलेलं. टँकची सायकल संपली, म्हणजे पाण्यातली घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार झाले, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागले आणि आठवड्याभरात वाळूवर, काचेवर तपकिरी थर चढला. हा डायटमचा (बारीक तपकिरी शेवाळाचा) थर नव्या टँकला येतोच आणि बऱ्याचदा आपोआप जातो पण, हे मला नंतर कळलं. तेव्हा घाबरून तीस जनावरांचं पॅकेज मागवलं. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं कावळा नाक्याला उतरलं, घरी आणून पिशव्या उघडल्या आणि दोन तास ड्रिप लावला, म्हणजे नळीनं टँकचं पाणी थेंबथेंब त्यांच्या पाण्यात सोडलं, संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त मेलेले. कारण असं की, लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो पण कार्बन डायऑक्साइडमुळं पीएच (पाण्याच्या आम्लतेचा आकडा) खाली असतो म्हणून तो फार बाधत नाही, पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच वर जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे लांबनं आलेल्या पिशवीत तासन् तास ड्रिप करत बसायचं नाही. त्याच विक्रेत्याच्या यादीत सी कुकुंबर (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) पण होतं, आपल्याकडं 2001 मध्ये ते वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत घातलं, कुणी देत असेल तरी घेऊ नका.

आता दुकानाबद्दल. मी गेल्या गेल्या विचारलं, दादा तुमच्या पाण्याचा खारटपणा किती? त्यांनी रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) काढला, थेंब टाकला आणि माझ्याच हातात दिला, 1.021. माझ्या टँकचा 1.025. बऱ्याच दुकानात खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात, मीठ कमी लागतं आणि माशांवरचे परजीवी जरा आटोक्यात राहतात, पण स्नेल आणि श्रिंपला अंगातलं मीठ पाण्याप्रमाणं पटकन बदलता येत नाही, एकदम दुसऱ्या पाण्यात टाकलं तर ते कोसळतात. आकडा कळला म्हणून मला घरी काय करायचं ते कळलं. पिशवी पंधरा मिनिटांच्या वाटेची, त्यामुळं इथं दीड तास सावकाश ड्रिप चालला, नळी आणि वॉल्व त्यांनीच दिला. दुसरं विचारलं कॉपरचं. माशांच्या औषधात तांबं असतं आणि ते या जनावरांना मारतं. त्यांनी औषधाचा टँक वेगळा, पाणी पण वेगळं, हे दाखवलं. एवढ्या दोन गोष्टींवर मी तिथं खरेदी करायची ठरवली.

स्नेल निवडताना काचेला घट्ट चिकटलेलेच घ्या. तळाला पडलेला असेल तर उचलून बघा, पाय आत ओढून झाकण लावतो की नाही, ढिला लोंबत असेल तर सोडून द्या, वास तर घ्याच. इथं एक तक्रार आहे, दुकानातला पोरगा स्नेल सरळ ओढून काढत होता, तसं केलं की पाय फाटतो, बाजूला हळू सरकवत सोडवायचा असतो. मी सांगितल्यावर त्यानं तसं केलं. दुसरी तक्रार, ट्रेमध्ये सगळ्याला नाव एकच, टर्बो. त्यात उभट, टोकदार शंखवाले होते ते सेरिथ, आणि मला तेच पाहिजे होते, काच पण चाटतात, वाळू पण हलवतात आणि उलटे पडले तर बहुतेक वेळा स्वतः सरळ होतात. खरा टर्बो मोठा असतो, शेवाळ भरपूर खातो, नव्या टँकमध्ये एवढं शेवाळ नसतंच म्हणून उपाशी मरतो. वाळू चाळणारा स्टारफिश पण विकायला ठेवलेला, माझ्यासारख्या टँकमध्ये तो वाळूतलं सगळं संपवून हळूहळू उपाशी जातो, त्यांनी तो लहान टँकवाल्याला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी घेतलं ते एवढंच: 6 सेरिथ, 2 टर्बो, 4 नासारियस, 3 हर्मिट, सगळे मिळून 1400 रुपये. नासारियस हे स्नेलच, पण शेवाळाला तोंड लावत नाहीत, वाळूत गाडून बसतात आणि माशांचं खाणं पडलं की वाळूतनं सोंडा बाहेर येतात, आमची आई रोज सकाळी ते बघायला टँकपुढं येऊन बसते. हर्मिटसाठी रिकामे शंख ठेवायलाच लागतात नाहीतर घरासाठी ते स्नेल मारतात, दुकानात शंख नव्हते, मी गणपतीपुळ्याचे साधे, रंग न दिलेले शंख उकळून टाकले. तरी एक सेरिथ गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शंखात हर्मिट. एक टर्बो दगडाच्या फटीत मेला, वासावरनं कळलं, लगेच काढला, राहिला असता तर पुन्हा अमोनिया.

बाकीचे तेरा धडधाकट आहेत, काच मला आठवड्यातनं एकदाच पुसायला लागते. आता एप्रिलमध्ये दुपारी पाणी 30 अंशाला जातंय, पंखा लावलाय, पण पंख्यानं पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं, म्हणून रोज आरओचं साधं पाणी घालून रेषेपर्यंत आणतो.

जाणार असाल तर दुकानात माल गुरुवारी येतो, त्या दिवशी घेऊ नका. दोन-तीन दिवस त्यांच्याकडं राहू द्या, रविवारी सकाळी जा, तोवर जे काचेवर फिरताना दिसतात ते घ्या.