फिटर ट्रेड, दोन वर्षं: एका बापाचा अनुभव

मुलीला दहावीला ७८ टक्के पडले तेव्हा नातेवाईक म्हणाले, सायन्सला घाला, डिग्री करू दे. ती मात्र फिटरवर, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-जुळवून बसवायच्या कामावर, अडून बसली. मग तालुक्याच्या सरकारी आयटीआयत नाव घातलं.

सुरुवातीचे महिने नुसती कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, त्याला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचा आणि उजेडासमोर धरायचं. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा घासा. तळहाताला फोड आले, हिची आई रडली. आज तीच पोरगी व्हर्नियरवर ०.०२ मिमीपर्यंत माप वाचते. विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग परवा तिने एकटीने बदललं, मी फक्त बॅटरी धरून उभा होतो.

सर जीव तोडून शिकवतात. तक्रार आहे ती यंत्रांची. दोनपैकी एक लेथ पाच महिने बंद, अख्खी बॅच एकावर. मुलांचे हातच बसत नाहीत, आणि हे मला फार लागलं.

डिग्रीचं दार कायमचं बंद होतं, ही भीती मात्र काढून टाका. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगलाही तसाच. ज्याला डॉक्टर किंवा वकील व्हायचंय त्याने कॉलेजच धरावं. पण हाताची ओढ असलेल्या पोराला नुसत्या लोकलाजेपोटी बी.ए.ला बसवू नका.

सोमवारपासून तिची अप्रेंटिसशिप सुरू. पहिल्या स्टायपेंडमधून तिला स्वतःचा गुण्या घ्यायचाय.