गड, पहिने की पेठ रोड? नाशिकहून घाटाची पहिली राइड निवडताना

राइड ठरवताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: किलोमीटर किती आणि एकूण चढ किती. नाशिकमध्ये एवढ्यावर भागत नाही, कारण घाट राइडच्या सुरुवातीला येतो, मध्ये येतो की शेवटी, यावरच सगळं अवलंबून असतं. शहर साधारण ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्याला लागून आहे. त्यामुळे पेठ, हरसूल, जव्हार किंवा कसारा यांपैकी कुठेही पश्चिमेला निघालात की आधी उतार मिळतो आणि खरा चढ घरी येताना लागतो. सप्तशृंगी गडाचं गणित उलटं आहे. आधी चढायचं, मग उतरायचं. त्र्यंबक-पहिने-घोटी हा तिसरा प्रकार, कारण तो रस्ता माथ्यावरूनच फिरतो आणि खाली कोकणात उतरतच नाही.

आधी गड. म्हसरूळ, दिंडोरी, वणी, नांदुरी आणि वर, असं एका बाजूचं अंतर ६० किमीच्या थोडं पुढे जातं. नांदुरीपर्यंत रस्ता चढउताराचा आहे, पण त्याला घाट म्हणता येणार नाही. नांदुरीपासून गडापर्यंत सुमारे १० किमी सलग चढ, सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. काही वळणांवर त्याहून बराच तीव्र. नाशिक परिसरात डांबरी रस्त्यावर इतका लांब आणि एकसलग चढ दुसरा सहज सापडत नाही, म्हणून ज्याला घाट चढायला शिकायचं आहे त्याने शेवटी इथेच यावं असं आमचं मत आहे. मोठा फायदा म्हणजे माघार कधीही घेता येते. चौथ्या किलोमीटरला पाय बोलायला लागले तर सायकल वळवा, नांदुरीपर्यंत पॅडल मारायचीही गरज नाही.

इथे चूक होते ती पहिल्या तीन किलोमीटरमध्ये. नांदुरीला चहा घेऊन ताजेतवाने झालेले लोक जोरात सुटतात आणि अर्ध्यावर फुटतात. सुरुवातीला शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर लावा. पुढे ३४ दातांची छोटी चेनरिंग (पॅडलजवळचं चक्र) आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं असेल, तर पॅडलच्या मिनिटाला ७० फेऱ्यांनी वेग साधारण साडेदहा किमी पडतो. ७५ किलोच्या माणसाला ६ टक्के चढावर हा वेग धरायला १६५ वॅटच्या आसपास ताकद लागते, आणि नवख्याला ती तासभर झेपत नाही. मागच्या कॅसेटचं (चक्रांच्या संचाचं) मोठं चक्र ३२ दातांचं असेल तर त्याच फेऱ्यांना वेग सव्वानऊवर येतो आणि ताकद १४५ वॅटपर्यंत उतरते. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण सातव्या किलोमीटरला उभं राहून पॅडल मारावं लागतं की बसून, हे त्यावर ठरतं. कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३२ दात घेतो का ते दुकानात तपासून घ्या. त्याचा केज (चेन ताणून धरणारा खालचा दांडा) आखूड असेल तर तो ओढला जातो. चेनही बहुधा लांब लागते. जुनीच ठेवून पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकत्र लावलं तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) तुटू शकतो. पुढे तीन चेनरिंग असलेल्या हायब्रिडला यातलं काही करावं लागत नाही. वजन जास्त असलं तरी या घाटात ती उलट सोयीची पडते.

गड उतरताना धोका चढण्यापेक्षा जास्त. एसटी आणि जीप वळणावर पूर्ण रस्ता घेतात, म्हणून आंधळ्या वळणावर आतली बाजू कापायची नाही. ब्रेक वळणाच्या आधी, हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर), बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे) असतील तर ते सतत दाबून धरू नका. रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते. दोनतीन सेकंद घट्ट दाबा, सोडा, पुन्हा दाबा. ताठ बसून छातीवर वारा घेतला तरी वेग बराच कमी होतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पहाटेचा पारा १० अंशांखाली जातो आणि घामेजलेल्या अंगाने उतरलं की बोटं बधिर होऊन ब्रेक नीट दाबला जात नाही. घडीचं विंडचीटर ठेवा, नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र घाला.

दिंडोरी रस्त्याची स्वतःची एक अडचण आहे. हा द्राक्षांचा पट्टा. जानेवारी ते एप्रिलमध्ये क्रेट भरलेल्या पिकअप सकाळपासून धावतात आणि बागांतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिकणमाती सोडून जातात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्याही असतात, आणि मागे रिफ्लेक्टर नसलेली उभी ट्रॉली पहाटेच्या अंधारात दिसतच नाही. म्हणून पुढचा दिवा रस्ता उजळणारा हवा, फक्त लुकलुकणारा चालणार नाही. चैत्रोत्सव आणि नवरात्रात गडाचा विचारच करू नका. नांदुरी-गड घाटात खासगी वाहनांना बंदी असते, एसटीची रांग लागलेली असते आणि रस्ता पदयात्रींचा असतो. सव्वाशे किमी एका दिवसात जड वाटत असतील तर सायकल गाडीवर टाकून वणीपर्यंत न्या आणि तिथून घाट करा. यात कमीपणा काही नाही. घाट तेवढाच राहतो.

पहिनेची फेरी वेगळ्या माणसासाठी आहे. सातपूर, महिरावणी, अंजनेरी, मग पेगलवाडी फाट्यावरून डावीकडे पहिने, घोटी, आणि वाडीवऱ्हेवरून महामार्गाने परत, असे मिळून ९० किमीच्या आसपास. त्र्यंबक नाशिकपेक्षा सव्वाशे-दीडशे मीटरनेच उंच असल्याने पहिला टप्पा डोळ्यांना सपाट वाटतो आणि पायांना मात्र जड. नवख्यांना वाटतं ब्रेक घासतोय. तो बारीक चढ असतो. पावसाळ्यात त्यात पश्चिमेचा समोरचा वारा मिळतो. पण घोटीहून नाशिक ईशान्येला, त्यामुळे थकल्यावर तोच वारा पाठीशी येतो. या एका कारणासाठी पावसाळी राइडला आम्ही हीच फेरी सुचवतो, मात्र कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी पहिनेला धबधब्यांसाठी गाड्यांची रांग लागते, श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्ता भाविकांचा असतो, आणि सिंहस्थाच्या कामांमुळे कुठे डायव्हर्जन, कुठे उघडी खडी मिळते.

इगतपुरी-घोटी बाजूला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, नाशिक शहरात त्याच्या पावभर. घरातून निघताना आकाश कोरडं आहे म्हणून फसू नका. रिम ब्रेक ओले असताना चाकाची पहिली एकदोन फेरी नुसतं पाणी पुसण्यात जाते, तेव्हा ब्रेक लवकर लावा. रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं आणि पांढरे पट्टेही निसरडे होतात. २८ मिमीचा टायर असेल तर ७०-७५ किलोच्या माणसाने हवेचा दाब ७५ ते ८० पीएसआय ठेवावा, पावसात त्याहून पाचएक कमी. घोटीनंतरचा महामार्ग कंटाळवाणा आणि वेगवान आहे. साइडपट्टीवर राहा, पण तिथेच काचा आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. अशी तार टायरमध्ये राहिली तर नवी ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर होते, म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधल्याशिवाय ट्यूब घालू नका.

पेठ रोड या तिघांत शेवटी. सावळघाट, करंजाळी, कोटंबी घाट, पेठ. एका बाजूला ५५ किमीच्या आसपास. जंगल, उतार, सकाळचा गारवा, जाताना सगळं सुखाचं. परत फिरता तेव्हा दहा-अकरा वाजलेले असतात, डांबर तापलेलं असतं, गुजरातहून येणारे ट्रक धापा टाकत शेजारून चढत असतात आणि दोन्ही घाटांतला चढ अजून बाकी असतो. गडावर जितकं पुढे जाल तितकी परतीची वाट सोपी होते, इथे ती महाग होत जाते. पहिल्यांदा जाताना करंजाळीवरूनच वळा. चाळीसेक किमीवर तिथे पोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागले असतील, तर पुढचा विचार सोडा. दोन्ही बाटल्या करंजाळीत पुन्हा भरा आणि एकीत मीठ-साखर घाला. सावळघाटाच्या पायथ्याशी भूक लागायची वाट पाहू नका. केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू त्याआधीच पोटात गेलेला बरा. मार्चनंतर हा रस्ता फक्त ज्यांना पहाटे पाचला निघता येतं त्यांच्यासाठी.

गिरणारे-वाघेरा-हरसूल हा पेठ रोडचाच धडा कमी रहदारीत देतो. रस्ता अरुंद आहे, पण ट्रक नकोसे वाटणाऱ्यांनी तोच घ्यावा. सिन्नरकडचा मोहदरी घाट लहान आहे आणि पुणे महामार्गावर आहे, सरावापुरता ठीक. कसारा घाट सायकलसाठी आम्ही सुचवत नाही. कंटेनरची रहदारी आणि पावसातलं धुकं एकत्र आलं की तिथे चुकायला जागाच उरत नाही.

तिन्ही रस्त्यांवर शहर सोडलं की सायकलचं दुकान धरून चालू नका. दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल आणि चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) सोबत ठेवा. रस्त्याकडेचा पंक्चरवाला पॅच उत्तम मारतो, पण रोडबाईकच्या पातळ प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याची नळी बसत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो सॅडलच्या पिशवीत कायम असू द्या. त्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरताना मात्र हात टायरवरच ठेवा. ट्रकसाठी लावलेला दाब पातळ ट्यूबला दोन सेकंदात फोडतो, म्हणून थोडी थोडी हवा भरायला सांगा आणि शेवटचे वीसेक पीएसआय स्वतःच्या पंपाने भरा.