बायवीकली, सेमीमंथली की फोर्टनाइटली: इंग्रजी मसुद्यात काय लिहावे?

करार, नेमणूकपत्र किंवा नोटीस इंग्रजीत लिहायची असेल, तर बायवीकली आणि बायमंथली हे दोन शब्द आधीच बाजूला काढावेत. नावाजलेले इंग्रजी शब्दकोशच त्यांना प्रत्येकी दोन अर्थ देतात. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा, आणि दोन आठवड्यांतून एकदासुद्धा. बायमंथलीचेही तसेच. दोन्ही अर्थ रुळलेले असल्यामुळे वाद झाला तर कोणाचे चुकले हे शब्दकोश उघडूनही ठरत नाही. १८३८ साली मुंबईत निघालेले ‘बॉम्बे टाइम्स’, म्हणजे आजचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’, सुरुवातीला बुधवारी आणि शनिवारी प्रसिद्ध होई, आणि ते बायवीकलीच होते. आज पगारपत्रकावर तोच शब्द दर १४ दिवसांसाठी येतो. रिझर्व्ह बँकेचे बायमंथली पतधोरण मात्र साधारण दर दोन महिन्यांनी, वर्षातून सहा वेळा जाहीर होते.

खरा फटका पैशांच्या व्यवहारात बसतो. अमेरिका-कॅनडात नोकरी करणाऱ्यांनी बायवीकली आणि सेमीमंथली यांतला फरक नीट पाहावा. सेमीमंथली पगार महिन्यातून दोनदा, बहुधा १५ तारखेला आणि महिनाअखेरीस होतो. वर्षाचे २४ हप्ते. बायवीकली पगार दर १४ दिवसांनी, ठरलेल्या वारी होतो. वर्षाचे २६ हप्ते. वार्षिक ६०,००० डॉलर पगार असेल तर पहिल्यात प्रत्येक वेळी २,५०० डॉलर येतात, दुसऱ्यात सुमारे २,३०७.६९. (करकपातीपूर्वी, अर्थात.) एकूण रक्कम तीच. पण भाडे महिन्याला जात असेल तर सेमीमंथलीत हिशेब सोपा राहतो. तासावर पगार असेल तर बायवीकली बरे, कारण अमेरिकेत ओव्हरटाइम आठवड्यागणिक मोजतात आणि १४ दिवसांत पूर्ण दोन आठवडे बसतात. २६ वेळा १४ म्हणजे ३६४ दिवसच होतात. उरलेले दिवस साठत जातात आणि साधारण अकरा वर्षांतून एकदा २७ वा हप्ता येतो. त्या वर्षी वार्षिक पगाराला २६ ने भागायचे की २७ ने, हे नेमणूकपत्रात आधीच लिहून घ्यावे.

गृहकर्जात फरक याहून मोठा आहे. महिन्याचा हप्ता २,००० डॉलर असेल आणि त्याची निम्मी रक्कम दर १४ दिवसांनी भरली, तर वर्षाला २६,००० डॉलर जातात. सेमीमंथली भरल्यास २४,०००. म्हणजे बायवीकलीत एक जादा हप्ता फिटतो आणि कर्ज लवकर संपते. जादा रक्कम थेट मुद्दलात वळती होते का, हे मात्र सावकार संस्थेला विचारावेच लागते.

फोर्टनाइटली हा शब्द भारत, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात स्वच्छ आहे: दोन आठवड्यांतून एकदा. अमेरिकी वाचकाच्या तो सवयीचा नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पाक्षिक नियतकालिके बहुधा महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला २४ अंक काढतात, तरी इंग्रजीत ती फोर्टनाइटलीच म्हणवतात. नियतकालिकाला ते चालते, मजुरीच्या कराराला चालत नाही.

बायॲन्युअल वर्षातून दोनदा, बायेनिअल दोन वर्षांतून एकदा. राज्यसभेच्या द्वैवार्षिक निवडणुका, १८९५ पासूनचे व्हेनिसचे कलाप्रदर्शन, पहिल्या वर्षी कंद धरून दुसऱ्या वर्षी फुलणारा कांदा, हे सगळे बायेनिअल. तो शब्द ठेवावा. बायॲन्युअल मात्र टाळावा, कारण घाईत वाचणाऱ्याला तो बायेनिअलच वाटतो. हाफ-यर्ली आपल्या बँका आणि विमा कंपन्यांमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे, तोच वापरावा.

मराठी द्वैमासिकाचा अर्थ एकच असतो. त्याचे इंग्रजी करताना बायमंथली न लिहिता ‘एव्हरी टू मंथ्स’ लिहावे, नाहीतर मुळात नसलेली संदिग्धता भाषांतरात शिरते. क्वार्टर्लीत अंतराचा घोळ नाही, पण तिमाही एप्रिलपासून धरायची की जानेवारीपासून, हे सांगावे लागते.

सोप्या शब्दांतही एक खाच आहे. ‘एव्हरी सेकंड फ्रायडे’ म्हणजे एकाआड एक शुक्रवार, की महिन्याचा दुसरा शुक्रवार? पहिल्या अर्थाने वर्षाला २६ हप्ते, दुसऱ्याने १२. म्हणून कलमात ‘एव्हरी १४ डेज’ लिहावे, पहिल्या हप्त्याची तारीख द्यावी, वर्षातले एकूण हप्ते आकड्यात लिहावेत आणि तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर आदल्या कामाच्या दिवशी द्यायचे की नंतरच्या, तेही तिथेच नोंदवावे.