मालवण स्नॉर्कलिंग ट्रिप (बेळगावहून पॅकेज), ३ स्टार

टिळकवाडीतल्या एका टूरवाल्याकडनं पॅकेज घेतलेलं, आंबोली घाटातनं सावंतवाडी आणि मग मालवण, गाडी एकदम मस्त, ड्रायव्हर पण शांत माणूस, त्यात तक्रार नाही. जेवण ठीक.

खरी गोष्ट पाण्यातली हाय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र म्हणजे मालवण सागरी अभयारण्य, १९८७ पासनं, जवळपास २९ चौरस किमी, त्यात किल्ल्याजवळचा भाग कोअर झोन, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा गाभा. पॅकेजवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नाही ओ! प्रवाळाला (कोरलला) १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ चं संरक्षण हाय, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि इथं बोटवाला सरळ खडकावर नांगर टाकायलाय, वर फोटोत मासे जवळ दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड. ब्रेड माशांचं खाणं हाय काय? नांगराच्या एका फटक्यात तुटलेलं प्रवाळ परत वाढायला वर्षं लागतात, ते बहुतेक वर्षाला काही मिलिमीटर नाहीतर काही सेंटिमीटरच वाढतंय.

गाईड पोरगा मात्र भारी, आमच्यातला एकजण प्रवाळावर पाय ठेवून उभा राहायला लागला तेव्हा त्यानंच ओढून वर घेतला, पोरांनी उचललेला प्रवाळाचा तुकडा पण परत टाकायला लावला. दोन स्टार त्याचेच.

बुक करताना बोट बोयाला (पाण्यात कायम तरंगत ठेवलेल्या खुणेला) बांधणार की नांगर टाकणार, ब्रेड टाकणार काय, हे आधीच विचारा की. आणि लाइफ जॅकेटचा बक्कल स्वतः ओढून बघा, माझा सैल होता.